सुट्टीचे बेट आणि शकाचा पाडवा

आमच्या एका स्नेह्यांनी २०२३ सालच्या गुढीपाडव्याला सहकुटुंब बाली बेटावर जावयाचे ठरविले. पाडव्याला जोडून चार दिवसांची रजा मिळत होती, तिकिटे अनपेक्षितपणे स्वस्त लागली होती, आणि समुद्र, नारळीची बने, देवळे असे सगळे एका जागी पाहावयास मिळणार होते. २२ मार्चच्या सकाळी न्याहारी उरकून मंडळी हॉटेलाच्या फाटकाशी आली, तो फाटक बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र कमरेला गुंडाळलेला एक पहारेकरी पुढे आला आणि अत्यंत अदबीने हात जोडून त्याने सर्वांना आत परतावयास सांगितले. चौकशी करता कळले की आज कोणी घराबाहेर पडत नाही, वाहन चालत नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद आहे. रात्री खोलीतले दिवेही मंद करून पडदे ओढून घ्यावे लागले.

परत आल्यावर त्यांनी आमच्यापाशी तक्रार केली. "अहो, दिवसाचे पैसे गेले आणि दिवसही फुकट गेला. सहल आखून देणाऱ्यांनी एका शब्दाने तरी सांगावे की नाही?" आम्ही विचारले, "त्या दिवशी तिथे कोणते वर्ष लागले?" स्नेही गोंधळले. आम्ही भिंतीवरचे पंचांग काढून दाखविले. त्यावर शके १९४५ असे छापले होते. बालीतही त्या दिवशी शक १९४५ लागला होता. आपण येथे ज्या दिवशी गुढी उभारली, त्याच दिवशी समुद्रापलीकडचे ते बेट दार लावून मौन धरून बसले होते. आणि दोघांनीही मोजलेले वर्ष एकच होते. ज्या दिवसाला आमचे स्नेही फुकट गेलेला म्हणत होते, तोच त्या सहलीतला सर्वांत मोलाचा दिवस होता. पण हे कळावयास त्या बेटाचा इतिहास ठाऊक हवा.

श्रोतेहो, आज आम्ही बोलणार आहोत ते ह्याच विषयावर. सुट्टीचा बेत आखणे ही गोष्ट आपण पैशांच्या आणि रजेच्या हिशेबात बसवितो. जिथे जावयाचे त्या भूमीलाही एक हिशेब असतो, तो मात्र आपण विचारीत नाही. बालीच्या बाबतीत तर हा हिशेब फारच जुना आणि काही ठिकाणी रक्ताने लिहिलेला आहे.

प्रथम थोडा भूगोल. बाली हे इंडोनेशियातले बेट जावाच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेसेच मोठे. पण सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेआठ लाख माणसे होती, तर बालीत २०२० साली ४३ लाख. मधोमध ज्वालामुखीची रांग. तीत गुनुंग आगुंग हे सर्वांत उंच, तीन हजार मीटरांवरचे शिखर. हे बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते मार्च तिथे पाऊस. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असतात तेव्हा तिथे कोरडी हवा आणि आग्नेयेचा वारा. दक्षिण गोलार्धातले हे आग्नेयेचे वारेच हिंदी महासागरावरून विषुववृत्त ओलांडतात, वळण घेतात आणि बाष्पाने जड होऊन नैऋत्येकडून आपल्या सह्याद्रीवर आदळतात.

ह्या वाऱ्यांच्या भरवशावरच जुन्या काळी आपल्या देशातली गलबते त्या बाजूला जात. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबिरन येथे झालेल्या उत्खननात भारतीय बनावटीच्या, चक्राकार नक्षीच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. तशीच भांडी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूस मिळालेली आहेत. म्हणजे ख्रिस्ती शकाच्या पहिल्या काही शतकांत हे दळणवळण चालू होते. येथे आमच्या श्रोत्यांची छाती जरा फुगेल. पण आम्ही एक सावधगिरीची सूचना देतो. बाली ही कोणी भारतीय राजाने जिंकलेली वसाहत नव्हे. तेथील लोकांनी जे घ्यावेसे वाटले ते घेतले, जे नको ते सोडले, आणि घेतलेलेही आपल्या मापाने बेतून घेतले. शकगणना त्यांनी घेतली, पण तिच्या जोडीला २१० दिवसांचे आपले स्वतःचे पंचांगही ठेवले. त्यांचा गलुंगान हा मोठा सण त्या दुसऱ्या पंचांगाने येतो, म्हणून तो दर २१० दिवसांनी फिरून येतो. शकाचे वर्षही ते आपल्या महिन्यांच्या मोजणीतल्या नवव्या अमावास्येनंतर बदलतात. अधिक मास धरण्याची रीतही आपल्याहून निराळी. त्यामुळे २०२३ साली पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले, २०२४ साली न्येपी ११ मार्चला तर आपला पाडवा ९ एप्रिलला, आणि २०२५ साली दोहोंत एका दिवसाचे अंतर पडले. नाते आहे, पण ते चुलत घराण्याचे. आपण त्या घराचे मालक नव्हे.

आता आपण बालीच्या दक्षिणपूर्व किनाऱ्यावरील सानूर ह्या गावी येऊ. आज तेथे हॉटेलांची रांग आहे. पण ह्या एकाच किनाऱ्यावर उभे राहून बालीचा हजार वर्षांचा इतिहास वाचता येतो, म्हणून आम्ही सर्व व्याख्यान तेथेच उभे करणार आहोत.

सानूरच्या बेलांजोंग भागात एका देवळाच्या आवारात दगडी स्तंभ आहे. त्यावरील लेख शके ८३५ चा, म्हणजे इसवी सन ९१३-१४ चा. केसरी वर्मदेव ह्या राजाने आपल्या विजयाची ही नोंद करविली. लेखाची मौज अशी की एका बाजूस जुनी बाली भाषा आहे आणि ती नागरी लिपीच्या पूर्वरूपात कोरलेली आहे; दुसऱ्या बाजूस संस्कृत भाषा आहे आणि ती तेथील जुन्या लिपीत आहे. भाषा आपली तर लिपी परकी, भाषा परकी तर लिपी आपली! दोन संस्कृतींनी एकमेकींच्या हातात हात घालावा तसा हा प्रकार आहे. आपल्याकडे ज्या काळी राष्ट्रकूट राज्य करीत होते त्या काळातली ही गोष्ट.

पुढे १३४३ साली जावातील मजपहित साम्राज्याने बाली जिंकले. ते साम्राज्य लयाला गेल्यावर बालीत एका राजघराण्याची अनेक घराणी झाली. बादुंग, क्लुंगकुंग, कारांगासेम, ताबानान अशी छोटी छोटी राज्ये आपापसांत भांडत राहिली. हे राजे काही ऋषी नव्हते. आपल्याच प्रजेतील कर्जबाजारी, कैदी आणि निराधार माणसांना गुलाम म्हणून परदेशी विकण्याचा व्यापार त्यांनी शतकानुशतके केला. आज जाहिरातींतून बालीचे जे चित्र उभे केले जाते त्यात ही माणसे नाहीत.

१५९७ साली डच, म्हणजे आपल्या बखरींतले वलंदेज, प्रथम बालीला पोचले. ज्यांनी पुढे वेंगुर्ल्यास वखार घातली तेच हे लोक. जावा बेट त्यांनी हळूहळू गिळले. बाली मात्र बराच काळ हाती लागले नाही. १८४६ ते १८४९ ह्या काळात तीन स्वाऱ्या करून त्यांनी उत्तर किनारा घेतला. दक्षिणेकडील राज्ये स्वतंत्रच राहिली. त्यांच्यावर चालून जाण्यास निमित्त हवे होते, ते १९०४ साली सानूरच्या किनाऱ्यावर मिळाले.

त्या वर्षी श्री कुमाला नावाचे एका चिनी व्यापाऱ्याचे गलबत सानूरजवळच्या प्रवाळांवर फुटले. फुटलेल्या गलबतावर किनाऱ्याच्या राजाचा व प्रजेचा हक्क ही तेथील जुनी वहिवाट होती. डचांनी ती रद्द झाल्याचे मानून बादुंगच्या राजाकडे लुटीची भरपाई मागितली. राजाने लूट झालीच नाही असे सांगून ती नाकारली. दोन वर्षे पत्रव्यवहार आणि नाकेबंदी चालली. १९०६ च्या सप्टेंबरात डचांच्या फौजा ह्याच सानूरच्या वाळूवर उतरल्या आणि डेन्पसारकडे निघाल्या. अंतर फार थोडे. आज मोटारीने अर्ध्या तासाचेही नाही.

२० सप्टेंबरला फौज राजवाड्याजवळ येताच आतून एक मिरवणूक बाहेर पडली. राजा पालखीत, त्याच्यामागे राण्या, मुले, पुरोहित, सेवक. सर्वांनी पांढरी वस्त्रे आणि अंगभर दागिने घातलेले, हातांत कट्यारी आणि भाले. बंदुकांच्या रांगेपासून थोड्या अंतरावर पालखी थांबली. राजा उतरला, त्याने खूण केली आणि पुरोहिताने त्याच्या छातीत कट्यार खुपसली. मागोमाग बाकीच्यांनी एकमेकांवर शस्त्रे चालविली, काही सरळ बंदुकांवर धावून गेले. स्त्रियांनी सैनिकांच्या अंगावर सोन्याची नाणी आणि दागिने फेकले. बंदुका चालतच राहिल्या. त्याच दिवशी पमेचुतानच्या वाड्यापुढेही हेच घडले. मेलेल्यांचे आकडे निरनिराळे दिले जातात. शेकडो तर खासच, आणि पुष्कळांच्या मते हजारावर. दीड वर्षाने, २८ एप्रिल १९०८ रोजी, अफूच्या मक्त्यावरून उठलेल्या दंग्यानंतर क्लुंगकुंगच्या राजघराण्यानेही हाच मार्ग पत्करला. ह्याला बाली भाषेत पुपुतान म्हणतात. पुपुत म्हणजे शेवट.

आपल्याकडील जोहार येथे आठवतो, आणि तो आठवणे साहजिक आहे. पण जोहार किल्ल्याच्या तटाआड होई. हे घडले भर रस्त्यावर, शत्रूच्या आणि छायाचित्रकारांच्या डोळ्यांदेखत. त्याची वार्ता युरोपात गेली आणि डचांच्या सुधारणावादी म्हणविणाऱ्या राज्याच्या अब्रूला डाग लागला.

श्रोतेहो, सुट्टीच्या बेटाचा इतिहास येथून सुरू होतो. ज्या १९०८ साली क्लुंगकुंगचा शेवट झाला त्याच साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सरकारी सहल-कचेरी उघडली. आधी ती केवळ जावाची जाहिरात करी. १९१४ च्या सुमारास तिच्या पत्रकांत बालीचे नाव येऊ लागले. डच वसाहतीतील जहाज-कंपनीने १९२४ साली आठवड्याची आगबोट सुरू केली. ही बोट काही प्रवाशांसाठी निघालेली नव्हती. ती बालीतून खोबरे आणि डुकरे नेई. खलाशांनी तिला डुकरांची मेल असेच नाव पाडले होते. रिकाम्या खोल्यांत प्रवासी बसविले की वरकड उत्पन्न. बोट शुक्रवारी सकाळी सिंगराजा बंदरात माणसे उतरवी आणि रविवारी सायंकाळी परत घेऊन जाई. म्हणजे बाली पाहावयास तीन दिवस पुरतात हा समज कोणा रसिकाने ठरविलेला नसून डुकरांच्या वेळापत्रकाने ठरविलेला आहे. आजही पुष्कळ सहली त्याच मापाच्या निघतात!

१९२८ साली त्याच कंपनीने डेन्पसारमध्ये पहिले मोठे हॉटेल बांधले, ते पुपुतान झाले त्या मैदानालगत. बावीस वर्षांपूर्वी जेथे पांढऱ्या वस्त्रांतली मिरवणूक थांबली तेथून हाकेच्या अंतरावर आता संध्याकाळी पाहुण्यांपुढे नृत्य होऊ लागले. ज्या रस्त्यांवरून पाहुण्यांच्या मोटारी धावत ते रस्ते वेठबिगारीने बांधून घेतलेले होते. शेतसारा जबर होता, आणि १९३० नंतरच्या मंदीत तो भरण्यापायी कित्येकांच्या जमिनी गेल्या. एड्रियन व्हिकर्स, मिशेल पिकार ह्यांसारख्या इतिहासकारांनी साधार दाखविले आहे की बाली म्हणजे नंदनवन ही प्रतिमा ह्याच काळात तयार केली गेली. राज्यकर्त्यांना जुना डाग झाकावयाचा होता आणि हे बेट जिवंत संग्रहालयासारखे बदलाविना ठेवावयाचे होते. बालीच्या मुलांनी बालीचा पोशाख घालावा, बालीची कला शिकावी, आधुनिक राजकारणाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, अशी ती योजना होती. दुसऱ्याची संस्कृती जतन करण्याच्या नावाखाली त्याला जागच्या जागी बांधून ठेवता येते, हा धडा आपण येथे घ्यावा.

ह्याच काळात कलावंत आणि अभ्यासकही आले. ग्रेगोर क्राउझे ह्या जर्मन डॉक्टराच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२० साली निघाले आणि युरोपभर गाजले. वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार १९२७ साली उबुदला येऊन राहिला. त्याने आणि बाली नर्तकांनी मिळून १९३० नंतरच्या काळात केचाक नृत्याला आजचे रूप दिले. शेकडो पुरुष वर्तुळात बसून तोंडाने ताल धरतात आणि मध्ये रामायण चालते, ते हे नृत्य. आपले प्रवासी ते पाहून अतिप्राचीन म्हणून हात जोडतात! त्यातली तालाची लकेर जुन्या विधीतली खरी, पण रामायणाचा हा प्रयोग पाहुण्यांसाठी रचलेला आहे. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. आपल्या संगीत नाटकालाही कोणी वेदकालीन म्हणत नाही, म्हणून ते का खोटे? मेक्सिकोच्या मिगेल कोवारुबियास ह्याचे बालीवरील पुस्तक १९३७ साली निघाले आणि आजही ते आवडीने वाचले जाते.

१९२७ सालीच रवींद्रनाथ ठाकूर जावा आणि बालीला गेले होते. एका बाली राजाबरोबर ते मोटारीतून निघाले. दोघांना एकमेकांची भाषा येईना. बराच वेळ मुक्याने गेला. इतक्यात वळणावर समुद्र दिसला आणि राजा म्हणाला, "समुद्र." रवींद्रनाथांच्या चेहऱ्यावर ओळख उमटताच त्याने समुद्राचे आणखी संस्कृत पर्याय एकामागून एक म्हणून दाखविले. सगळ्या प्रवासवर्णनांतून आम्हांला हा प्रसंग मोठा वाटतो. तीन दिवसांच्या बोटीने आलेल्या प्रवाशाला समुद्र दिसला असेल. समुद्र हा शब्द मिळावयास मात्र पाहुणा निराळा लागतो.

पुन्हा सानूर. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी फौजा उतरल्या त्या ह्याच वाळूवर. जपान हरल्यावर डच परत आले, तेव्हा बालीतील तरुणांनी गुस्ती ङुरा राय ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्याशी लढा दिला. २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा येथे ते आणि त्यांचे ९५ सहकारी एकही शरण न जाता पडले. बाली लोक ह्यालाही पुपुतानच म्हणतात. आज ज्या विमानतळावर आपण उतरतो त्याला ह्याच ङुरा राय ह्यांचे नाव आहे. तिकिटावर नाव छापलेले असते, पण ते कोणाचे हे किती प्रवासी विचारतात?

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी १९५० साली इंडोनेशियास भेट दिली. बालीला जगाची पहाट म्हणणारे विशेषण त्यांच्याच नावावर सांगितले जाते आणि जाहिरातवाल्यांनी ते अजून सोडलेले नाही. पण पहाटेमागून दुपार उतरली ती फार कडक. १९६३ च्या मार्चमध्ये बेसाकीच्या महामंदिरात शतकातून एकदा होणारा एकादशरुद्र विधी चालू असतानाच आगुंग ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि हजाराहून अधिक माणसे मेली. मंदिर मात्र वाचले. १९६५ साली जकार्तातील सत्तापालटानंतर देशभर कम्युनिस्टांची आणि तसा संशय असलेल्यांची कत्तल झाली. एकट्या बालीत डिसेंबर १९६५ पासून काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दर वीस माणसांमागे एक. मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच गावचे, एकाच देवळाचे.

आणि १९६६ च्या नोव्हेंबरात सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल उघडले. जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून ते बांधलेले होते. ज्या वाळूवर जपानी सैनिक उतरले तिच्यावर चोवीस वर्षांनी त्या स्वारीच्या भरपाईचे हॉटेल उभे राहिले. बाली लोकांना त्याची उंची सहन झाली नाही. ह्यापुढे कोणतीही इमारत नारळाच्या झाडाहून, म्हणजे १५ मीटरांहून उंच नसावी असा नियम झाला. आज किनाऱ्यावर माडांच्या शेंड्यांवरून आभाळ दिसते ते ह्या नियमामुळे.

१९६९ साली विमानतळ परदेशी जेट विमानांसाठी खुला झाला. त्या वर्षी सुमारे ११ हजार परदेशी पाहुणे आले. पन्नास वर्षांनी, २०१९ साली, ते ६२ लाखांवर गेले. मध्यंतरी १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुटा येथील बाँबस्फोटांत २०२ माणसे मारली गेली. महामारीच्या २०२१ साली वर्षभरात परदेशी पाहुणे आले ते पन्नासच्या आसपास. लाखांचे पन्नास झाले तेव्हा हॉटेलांतली पोरे गावी परतून शेतात उतरली. २०२४ साली पाहुण्यांचा आकडा पुन्हा ६३ लाखांवर गेला, आणि त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल आपण भारतीय होतो, साडेपाच लाखांच्या आसपास. तेव्हा हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. बालीशी आपण कसे वागतो हा आपलाच प्रश्न झाला आहे.

वागण्याचा प्रश्न सर्वांत आधी येतो तो पाण्याशी. बालीतील भातशेतीचे पाणी सुबक नावाच्या शेतकरी-मंडळ्या वाटतात. एका बंधाऱ्याच्या पाण्यावर ज्यांची शेते ते सर्व एका सुबकाचे सभासद. कोणी केव्हा पेरावे, कोणाचे पाणी केव्हा बंद करावे, हे पाण्याच्या देवळात एकत्र बसून ठरते. १९७० नंतर अधिक धान्याच्या नव्या योजनेत सरकारने सांगितले की देवळाचे वेळापत्रक सोडा, ज्याने त्याने वर्षभर पेरीत राहा. थोड्याच वर्षांत किडीने पिके खाल्ली आणि पाण्यावरून तंटे माजले. स्टीफन लान्सिंग ह्या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिले की सगळे शिवार एकाच वेळी पडीक ठेवल्याने कीड उपाशी मरत होती. देवळातल्या तिथीमागे पिढ्यांचा अनुभव होता. २०१२ साली युनेस्कोने सुबकाचे भूदृश्य जागतिक वारशात घेतले. आज त्याच सुबकांच्या शेतांवर बंगले आणि पोहण्याचे हौद उठत आहेत. ज्याला आपण खिडकीतून दिसणारे हिरवे दृश्य म्हणतो ते पाहण्यासाठी बांधलेली खोलीच ते दृश्य खाऊन टाकते.

पण बाली लोक ह्या सर्वांत नुसते सोसणारे होते असे समजणे हाही त्यांचा अपमान होईल. १९७१ साली डेन्पसारमध्ये तेथील विद्वान, पुरोहित आणि कलावंत एकत्र बसले आणि नृत्यांचे तीन वर्ग त्यांनी ठरविले. काही केवळ देवापुढे, देवळाच्या आतल्या चौकात. काही विधीच्या जोडीला, मधल्या चौकात. आणि काही रंजनासाठी, बाहेर. पाहुण्यांना दाखवावयाचे ते ह्या तिसऱ्या वर्गातले. व्यवहारात ही रेघ दर वेळी पाळली गेली असे नाही. पण पाहुण्याने कोणत्या चौकापर्यंत यावे हे घरमालकाने ठरविण्याचा तो प्रयत्न होता. आपल्या पंढरपुरास, जेजुरीस, गणेशोत्सवास येणाऱ्या पाहुण्यांबाबत असा विचार आपण कधी बसून केला आहे काय?

आता बेताकडे येऊ, कारण कोणी म्हणेल की हे सर्व ऐकून जावे की न जावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. अवश्य जावे. न जाण्याने कोणाचे ऋण फिटत नाही. पण बेत असा आखावा. ऋतू एप्रिल ते ऑक्टोबर ह्यांतला धरावा. आगुंग २०१७ साली पुन्हा जागा झाला आणि नोव्हेंबरअखेर काही दिवस विमानतळ बंद पडून हजारो लोक अडकले, म्हणून परतीच्या दिवसाला एक दिवस जोडून ठेवावा. तीन दिवसांचे माप डुकरांच्या मेलीबरोबर सोडून द्यावे. निदान आठवडा ठेवावा. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपिया कर बसविला आहे. आकडा ऐकून दचकू नये, रुपिया फार हलका असतो. तो कर आधीच भरावा आणि बेटाच्या रक्षणाला आपला हात लागला असे समजावे.

पाहण्याच्या यादीत समुद्र तर राहीलच. त्याबरोबर सानूरचा स्तंभ पाहावा आणि त्यावरचा शक आपल्या शकाशी ताडून पाहावा. डेन्पसारच्या पुपुतान मैदानावर संध्याकाळी मुले पतंग उडवितात, तेथे थोडा वेळ बसावे. उत्तरेला सिंगराजात १९२८ साली स्थापलेले गेडोंग कीर्त्या हे ताडपत्रांचे ग्रंथालय आहे. तंजावरच्या सरस्वती महालात ज्याने पोथ्या पाहिल्या असतील त्याला तिथे परके वाटणार नाही. जातिलुवी येथे सुबकाची शेते बांधावरून पाहावी, शेतात शिरू नये. देवळात जाताना कमरेला वस्त्र आणि पट्टा बांधावा, आणि आतल्या चौकाच्या दाराशी कोणी अडविले तर वाद न घालता थांबावे.

आणि जमल्यास न्येपीच्या दिवशीच तेथे असावे. आदल्या संध्याकाळी बांबूचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यांवर घेऊन तरुण गल्लोगल्ली नाचतात, झांजा आणि ढोल ह्यांनी कान बधिर होतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चार गोष्टी वर्ज्य : अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक. साठ लाख पाहुण्यांच्या पैशांवर चालणारे बेट वर्षातून एक दिवस विमानांना सांगते की आज येऊ नका. जगातल्या किती शहरांची ही छाती आहे? १९०६ साली परक्यांपुढे झुकावयाचे नाही म्हणून ज्यांनी प्राण दिले, त्यांचेच पणतू आज कोणाचे रक्त न सांडता, हात जोडून, फाटकाशी उभे राहून तेच सांगतात. हे घर आमचे आहे, तुम्ही पाहुणे आहात.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सर्व सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक सांगायचे राहिले. त्या रात्री पडदा जरासा सरकवून आम्ही बाहेर पाहिले. सगळ्या गावात एक दिवा नव्हता. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या चांदण्या पाहिल्या. तिला झोप येईना." आम्ही म्हटले, "मग दिवस फुकट कसा गेला?"

त्यांनी पुढच्या पाडव्याची तारीख पंचांगात काढून पाहिली, आणि तेथील न्येपी कधी आहे हे आम्हांलाच विचारले.